ओपनस्टॅकमध्ये पहिला पॅच: हॉटस्पॉट, व्हर्च्युअलबॉक्स आणि जेरिट

ओपनस्टॅक म्हणजे क्लाउड उभारायचं मुक्त सॉफ्टवेअर. त्याचा बहुतेक कोड पायथनमध्ये आहे आणि पहिली दुरुस्ती सहसा पाच-दहा ओळींचीच असते. वेळ खातं ते मशीन उभं करणं आणि पॅच, म्हणजे ती दुरुस्ती, रिव्ह्यूतून पार नेणं.

डेव्हस्टॅक, म्हणजे चाचणीसाठी एकाच मशीनवर ओपनस्टॅक उभारणारी स्क्रिप्ट, थेट लॅपटॉपवर चालवू नका. तो नेटवर्क, डेटाबेस, पॅकेजेस सगळ्यांत हात घालतो आणि नंतर काढून टाकला तरी सिस्टीम पूर्ववत होत नाही. लॅपटॉपला १६ जीबी रॅम असेल तर व्हर्च्युअलबॉक्समध्ये (लॅपटॉपच्या आत आभासी मशीन, म्हणजे व्हीएम, चालवणारा प्रोग्राम) उबुंटू २४.०४ टाका, व्हीएमला ८ जीबी रॅम, ४ कोअर, ६० जीबी डिस्क द्या. लॅपटॉपच ८ जीबीचा असेल तर या फंदात पडू नका. नुसत्या टॉक्सने (पायथनच्या टेस्ट चालवणारं साधन) युनिट टेस्ट चालवूनही बरेच बग सुटतात.

व्हीएमचं नेटवर्क ‘नॅट’वर (लॅपटॉपच्या आडून जोडणी) ठेवा, ‘ब्रिज्ड’वर (थेट वायफायला जोडणी) नको. डेव्हस्टॅक उभारताना मशीनचा आयपी कीस्टोन या लॉगिन तपासणाऱ्या भागाच्या सेवा-यादीत लिहिला जातो. सोमवारी सांगलीत विश्रामबागेतल्या खोलीवरचं वायफाय आणि शनिवारी साताऱ्याला घरी मोबाइलचा हॉटस्पॉट, असं झालं की ब्रिज्डमध्ये आयपी बदलतो आणि प्रत्येक कमांड जुन्या पत्त्यावर टकरा देत बसते. नॅटमध्ये व्हीएमला कायम १०.०.२.१५ मिळतो.

पण इथे एक खड्डा आहे. डेव्हस्टॅक आतल्या नेटवर्कसाठी मुळात १०.०.०.०/२२ हा पट्टा धरतो, आणि १०.०.२.१५ नेमका त्यातच येतो. म्हणून स्क्रिप्ट ‘होस्टचा आयपी ठरवता येत नाही’ म्हणून थांबते. लोकल.कॉन्फ या डेव्हस्टॅकच्या सेटिंगच्या फाइलमध्ये ‘होस्ट_आयपी’ला १०.०.२.१५ द्या आणि ‘आयपीव्ही४_अ‍ॅडर्स_सेफ_टू_यूज’ला १०.११.०.०/२२ सारखा दुसरा पट्टा. त्याच फाइलमध्ये अ‍ॅडमिन, डेटाबेस, रॅबिट (सेवांमधले निरोप पोचवणारा रॅबिटएमक्यू) आणि सर्व्हिस असे चार पासवर्ड लागतात. त्यांत फक्त अक्षरं आणि आकडे ठेवा. चिन्हांमुळे रॅबिटचा जोडणी-पत्ता मोडतो. इंटरनेटचा डेटा वाचवायला ‘गिट_डेप्थ’ १ करा. मात्र ज्या प्रकल्पात काम करणार, तेवढ्याचा पूर्ण इतिहास नंतर ‘गिट फेच’ला ‘अनशॅलो’ लावून ओढून घ्या.

डेव्हस्टॅकची मुख्य स्क्रिप्ट स्टॅक.एसएच रूटने चालत नाही, ‘स्टॅक’ नावाचा वेगळा यूजर करा. चालवण्याआधी एक स्नॅपशॉट घ्या, यशस्वी झाल्यावर दुसरा. डेव्हस्टॅक रीबूट सहन करत नाही: बाहेरच्या ब्रिजचा आयपी जातो, सिंडरची (डिस्क पुरवणारा भाग) लूप-डिस्क सुटते. वीज गेली की बॅटरी आहे तोवर व्हीएम ‘सेव्ह स्टेट’ करा, बंद करू नका.

आता पॅच. गिटहबवर दिसतो तो नुसता आरसा आहे. तिथे पुल रिक्वेस्ट पाठवू नका, ती बंदच केली जाते. कोड ओपनडेव्हच्या जेरिटवर, म्हणजे कोड तपासायच्या साइटवर, जातो. लाँचपॅड या बग-नोंदीच्या साइटवर ‘लो हँगिंग फ्रूट’ (म्हणजे सोपा) खुणेचा बग निवडा, आधी कुणी घेतलाय का ते बघा आणि मगच स्वतःच्या नावावर करा. शुद्धलेखनाच्या चुकांचे पन्नास पॅच पाठवणाऱ्यांना रिव्ह्यूअर ओळखून असतात.

वेगळी ब्रांच काढा, बदल करा, बदल तपासणारी टेस्ट लिहा, मग टॉक्सने ‘पेप८’ आणि ‘पीवाय३’ चालवा. कमिटची पहिली ओळ ५० अक्षरांच्या आत, खाली ‘बदल का केला’ हे ७२ अक्षरांच्या ओळींत, शेवटी ‘क्लोजेस-बग’ आणि बगचा नंबर. ‘गिट कमिट’ला ‘एस’ पर्याय लावा, म्हणजे ‘साइन्ड-ऑफ-बाय’ची ओळ आपोआप येते. मग ‘गिट रिव्ह्यू’ने पॅच जेरिटवर पाठवा. कॉलेजच्या नेटवर्कवर ते नुसतं लटकून राहिलं, तर बहुधा एसएसएचचा २९४१८ पोर्ट अडवलेला असतो. जेरिटमध्ये एचटीटीपी पासवर्ड तयार करून एचटीटीपीएसने पाठवा.

पॅच पोचला की झूल हा स्वयंचलित प्रोग्राम टेस्ट चालवतो. लाल निशाण आलं की लगेच ‘रीचेक’ (टेस्ट पुन्हा चालवायला सांगणारी टिप्पणी) टाकायची खोड लागू देऊ नका. आधी लॉग वाचा, चूक तुमची नसेल तरच टाका आणि कारणही लिहा. रिव्ह्यूअरने −१ दिला तर नवं कमिट करू नका. तेच ‘अमेंड’ करा आणि ‘चेंज-आयडी’ची ओळ तशीच ठेवा. ती पुसली गेली की जेरिट त्याला नवाच पॅच समजतो आणि आधीची सगळी चर्चा मागे राहते. साधारणपणे दोन कोअर रिव्ह्यूअरचे (ज्यांना पॅच मंजूर करता येतो) +२ आणि वर्कफ्लोचा +१ मिळाला की पॅच गेटमध्ये, म्हणजे शेवटच्या चाचणीत, जातो.

प्रकल्पांच्या बैठकांच्या वेळा यूटीसीत दिलेल्या असतात: १६०० म्हणजे आपल्याकडचे रात्रीचे साडेनऊ. आठवडाभर उत्तर आलं नाही, तर तुमच्या प्रकल्पाच्या आयआरसी (चॅट) चॅनेलवर पॅचची लिंक देऊन एकदा विचारा. रिलीज दर सहा महिन्यांनी येतं. त्याआधीच्या फीचर फ्रीझमध्ये नवं फीचर पाठवलं तर ते पुढच्या रिलीजपर्यंत तसंच पडून राहतं.