युगांडाला मिशन ट्रिपवर जाताय? पहिल्या आठवड्यात काय करायचं, काय नाही

चर्चची टीम युगांडाला जायची ठरली की पहिली मीटिंग हमखास जुने कपडे किती न्यायचे यावरच होते. ते सोडाच. जुन्या कपड्यांचे ढीग तिथे बाजारात पडलेले असतात, राजधानी कंपालाच्या ओविनो मार्केटमध्ये तर विचारू नका. बॅगेतली ती जागा मच्छरदाणी आणि टॉर्चला ठेवा.

त्याआधी यलो फिवरची लस. निघायच्या किमान १० दिवस आधी, सरकारमान्य सेंटरमध्येच घ्यायची आणि पिवळं कार्ड पासपोर्टबरोबर ठेवायचं. एकदा घेतली की आयुष्यभर चालते. नसेल तर परत येताना इकडे ६ दिवस क्वारंटाइन करू शकतात. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून निघायच्या आधीच सुरू करा. डॉलर नेताना नवीन, न दुमडलेल्या, मोठ्या नोटा न्या, जुन्या सालाच्या किंवा छोट्या नोटांना तिथे रेट कमी देतात.

आता खरा मुद्दा. एंटेबेला उतरून कंपाला मागे टाकलं आणि गाडी मुरमाच्या रस्त्याला लागली की लाल माती, केळीच्या बागा, पिवळे जेरीकॅन घेऊन पाण्याला निघालेली पोरं, टपरीवर तव्यावर चपाती आणि त्यात गुंडाळलेलं आम्लेट (त्याला तिथे रोलेक्स म्हणतात, खाऊन बघाच), हे सगळं बघून आपल्या माणसाच्या तोंडून निघतंच, अरे हे तर आपलंच गाव! गडबड इथेच होते, कारण तुम्हाला ते ओळखीचे वाटले तरी त्यांना तुम्ही तसे वाटत नाही. गोरा माणूस मुझुंगु, तुम्ही मुयिंडी, म्हणजे इंडियन, आणि इंडियन म्हटलं की दुकानवाला, फॅक्टरीवाला, शेठ. १९७२ मध्ये इदी अमीनने आशियाई लोकांना ९० दिवसांत देशाबाहेर काढलं, नंतर बरेच परत आले, आज मोठमोठे धंदे त्यांचेच आहेत. त्यामुळे कोणीतरी चहाच्या वेळी इंडियन मालक पगार कसा देतो ते ऐकवेल. वाद घालू नका, "आम्ही तसे नाही" हे तर अजिबात नको. ऐकून घ्या.

आणि दुसरं, तुम्ही सुवार्ता घेऊन चाललाय ते गाव तुमच्यापेक्षा जास्त ख्रिस्ती असू शकतं. देशात ८० टक्क्यांहून जास्त लोक ख्रिस्ती आहेत, मिशनरी तिथे १८७७ मध्ये पोचले आणि पुढच्या दहाच वर्षांत राजाच्या हुकमाने तिथल्या तरुणांनी विश्वासासाठी जीव दिला, त्यांच्या आठवणीत ३ जूनला नामुगोंगोला आजही लाखो लोक जमतात, कित्येक जण तर दिवसेंदिवस चालत येतात. तेव्हा स्टेजवर चढून त्यांना पहिल्यांदाच येशू सांगतोय असा सूर लावू नका, फार हास्यास्पद दिसतं. जायच्या आधी तिथल्या पाळकांना सरळ विचारा, काय पाहिजे? बऱ्याचदा उत्तर साधं असतं, संडे स्कूलच्या शिक्षकांचं ट्रेनिंग, नाहीतर हिशोब लिहायला कोणी शिकवेल का.

रविवारी वेळ मोकळा ठेवा, उपासना तीन तास सहज चालते. खेड्यातल्या चर्चमध्ये अर्पणाला पैशाबरोबर मटोकेचा (शिजवून खायच्या हिरव्या केळ्यांचा) घड, अंडी, ऊस, पाय बांधलेली कोंबडी असं काहीही येतं आणि मग बाहेर झाडाखाली लिलाव, आपल्याकडे हंगामाच्या सणाला होतो तसाच. कोंबडी ओरडतेय, लिलाववाला तिच्यापेक्षा मोठ्याने ओरडतोय, कोणी घेतलेली वस्तू परत अर्पण करतो की पुन्हा बोली सुरू. तिथे एका रुपयाला साधारण चाळीसेक शिलिंग मिळतात म्हणून खिशात नोटांची गड्डी असते आणि हात शिवशिवतात. पण तुम्ही एकदम मोठी बोली लावलीत की गावातला माणूस गप्प बसतो, त्याचा सगळा आनंद गेला. छोटी बोली लावा, दोनदा हरा, मग फारतर ऊस घ्या.

घरी जेवायला बोलावलं तर आजीबाई गुडघे टेकून अभिवादन करतील. कंपालाच्या आसपासच्या बुगांडा भागात बायकांची ती रीतच आहे. आपण एकदम कानकोंडे होतो, त्यांना धरून उठवायला जातो, तसं करू नका. बसून घ्या, "ओली ओत्या, न्याबो" (कशा आहात, बाई) म्हणा, घाई न करता. पुरुषाला सेबो, आभाराला वेबाले. आणि कोणी शेतात किंवा चुलीपाशी राबताना दिसलं तर "जेबालेको" (कष्टाबद्दल शाबास) म्हणा, त्यांचा चेहरा बघा कसा खुलतो. ताटात केळीच्या पानात वाफवलेला मटोके आणि शेंगदाण्याची दाट आमटी आली की थोडं तरी खायचंच. पाणी मात्र बाटलीतलं.

पोरं गराडा घालतील. चॉकलेटं वाटू नका, दुसऱ्या दिवशी हाणामारी होते आणि शिव्या पाळकांना बसतात. जे काही द्यायचंय ते मंडळीच्या हातून. फाटक्या कपड्यातल्या मुलाबरोबर सेल्फी काढून लगेच स्टेटसला टाकायची सवय तर विमानतळावरच सोडा, आपल्या पोराचा फोटो न विचारता कोणी टाकला तर चालेल का? अनाथाश्रमाची दोन तासांची व्हिजिट प्रोग्रॅममध्ये असेल तर माझं मत, काढून टाका. तिथल्या पुष्कळ मुलांचे आई किंवा वडील जिवंत असतात, परिस्थितीमुळे त्यांना तिथे ठेवलेलं असतं, आणि दर महिन्याला नवीन पाहुणे येऊन मिठ्या मारून जातात त्याने त्या लेकरांचं काही भलं होत नाही.

रोज रात्री डायरीत दोन ओळी लिहा, पण साक्ष म्हणून चर्चमध्ये काय सांगायचं ते परत आल्यावर ठरवा. आणि घरी आल्यावर महिन्या-दोन महिन्यांत ताप आला तर व्हायरल असेल म्हणून क्रोसिन घेऊन पडून राहू नका, डॉक्टरला पहिलं वाक्य हेच सांगा की युगांडाला जाऊन आलोय, मलेरियाची टेस्ट करा, आजच.