फ्लिंटलॉक रायफल बनवायचा क्लास : फी भरावी का नाही

आधीच सांगतो, तुम्ही अमेरिकेत असाल आणि तुम्हाला फक्त एक छान फ्लिंटलॉक (चकमकीच्या ठिणगीवर उडणारी जुन्या पद्धतीची) रायफल हवी असेल, रेंजवर उडवायला किंवा भिंतीवर लावायला, तर क्लासला पैसे घालू नका. ओहायोतल्या किबलर कंपनीचं किट, म्हणजे घरी जोडायचे तयार भाग, मागवा. लाकूड सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर इतकं नेमकं कापून येतं की नळी आणि लॉक (ठिणगी पाडणारी यंत्रणा) जवळपास जागच्या जागी बसतात, मग उरतं घासणं, रंग देणं आणि तेल. किटला हजार डॉलरच्या वर जातात हे खरं, पण क्लासला गेलात तरी नळी, लॉक, लाकूड, पितळेचं सामान हे सगळं विकत घ्यावंच लागतं आणि त्यावर फी, हॉटेल, गाडीचं पेट्रोल, ऑफिसची रजा. त्यामुळे क्लासमध्ये बनवलेली रायफल नेहमी महागच पडते, तो हिशोब जुळवायच्या मागे लागूच नका.

मग मी पैसे का भरले आणि परत का भरेन, ते सांगतो. मी बोलतोय ती पेनसिल्व्हेनियाची लाँगरायफल, काहीजण केंटकी रायफल म्हणतात, म्हणजे आपल्याकडची ठासणीची बंदूक, फक्त चकमकीवर चालणारी आणि नळीत पीळ पाडलेली. अठराव्या शतकात लँकेस्टरच्या आसपासचे जर्मन कारागीर आखूड, जाड याएगर (जर्मन शिकारी) रायफली बनवायचे, त्यातून हळूहळू ही लांब नळीची, सडपातळ, कर्ली मेपलच्या (लाटांसारख्या रेषा असलेल्या मेपल लाकडाच्या) दस्त्याची रायफल घडत गेली. तिची सगळी शान त्या सडपातळपणात आहे. आणि नवीन माणसाची रायफल लांबूनच ओळखू येते कारण त्याने लाकूड जास्त ठेवलेलं असतं. कापलेलं परत चिकटत नाही ही भीती असते ना, म्हणून हात थांबतो. यूट्यूबवर चांगले व्हिडिओ ढिगाने आहेत पण व्हिडिओला तुमचा दस्ता दिसत नाही. शिकवणारा येतो, दस्ता हातात घेतो, अंगठा फिरवतो, पेन्सिलने रेघ मारतो आणि म्हणतो इथपर्यंत काढ. तुम्हाला वाटतं एवढं? हो, एवढं. फी त्या पेन्सिलच्या रेघेची आहे.

शिक्षक लागतो अशी दुसरी जागा गजाच्या भोकाची, म्हणजे दारू-गोळी ठासायचा गज जिथे राहतो त्या भोकाची. अखंड फळीपासून काम करत असाल तर नळीच्या खालून लांबलचक ड्रिलने भोक पाडावं लागतं आणि नळी आणि गज यांच्यामध्ये लाकूड ठेवायचं फक्त एक अष्टमांश इंच. ड्रिल जरा भरकटलं की एकतर नळीच्या खाचेत शिरतं नाहीतर खालून बाहेर येतं. जास्त लाकूड ठेवून सेफ खेळलात तर पुढचा भाग पोटासारखा सुटतो, आणि मग कितीही घासा, रायफल जाडच दिसते. हे काम पहिल्यांदा करताना जाणकार माणूस शेजारी उभा असणं याला माझ्या मते खरंच किंमत आहे. इनलेटिंगचं, म्हणजे लाकडात नळी बसायची खाच कोरण्याचं, तसं नाही, नळीला काजळी लावायची, दाबून बसवायची, जिथे काळा डाग उमटेल तेवढंच पटाशीने खरवडायचं, परत बसवायची. पद्धत एका दुपारी समजते, बाकी सगळा धीर, आणि तो घरच्या गॅरेजमध्ये फुकट आहे. त्यामुळे आठवडाभराच्या क्लासचा अर्धा वेळ इनलेटिंगमध्येच जाणार असेल तर आधीच खाच पाडलेला दस्ता घेऊन जा, चालतो का ते विचारून घ्या.

अजून विचारा: एका शिक्षकामागे किती जण आहेत, अवजारं आपली आणायची का तिथे मिळतात, आणि शेवटच्या दिवशी काय हातात असेल. रायफल पूर्ण होईल असं समजून जाऊ नका, आठवड्यात बहुतेकांचं काम अर्धवटच राहतं आणि त्यात काही वाईट नाही, पण घरी पुढचं करायला जागा आणि वाइस (काम घट्ट पकडून ठेवायचा शिकंजा) आहे का हा विचार फी भरायच्या आधी करा.

व्हिसावाल्यांसाठी महत्त्वाचं. एच-वन-बीवर (अमेरिकेतल्या नोकरीच्या व्हिसावर) असलेल्यांना फेडरल कायद्याने आधुनिक बंदूक बाळगता येत नाही, शिकारीच्या लायसन्ससारखे थोडे अपवाद सोडून. त्यामुळे एआर-१५ ही आधुनिक रायफल जोडायच्या क्लासच्या जाहिराती दिसल्या तरी त्या वाटेला जाऊ नका. काडतूस न वापरणारी, काळ्या दारूची ठासणीची रायफल फेडरल व्याख्येत ‘फायरआर्म’ धरत नाहीत, पण राज्यांचे नियम वेगळे असतात आणि न्यू जर्सीसारख्या ठिकाणी कडक आहेत, तेव्हा आपल्या राज्याचा कायदा वाचा, शंका असेल तर वकिलाला विचारा. यात अंदाजाने चालू नका प्लीज.

कोणाला यात करिअर करायचं असेल तर हा क्लास तो रस्ता नाही. त्यासाठी कोलोरॅडोतल्या ट्रिनिडॅड स्टेट कॉलेजसारखा पूर्ण कोर्स लागतो, तिथे १९४७ पासून गनस्मिथिंग, म्हणजे बंदुका बनवायचं आणि दुरुस्तीचं काम, शिकवतात.

आणि ठरत नसेल तर आधी स्वस्तात डोळा तयार करा. इंडियानातल्या फ्रेंडशिप गावी नॅशनल मझल लोडिंग रायफल असोसिएशनच्या स्पर्धा भरतात, ही संस्था १९३३ ची, तिथे बनवणारे लोक भेटतात आणि मनापासून बोलतात. व्हर्जिनियातल्या कलोनियल विल्यम्सबर्ग या जुन्या काळातल्या गावासारख्या जपलेल्या संग्रहालयाच्या गनस्मिथ शॉपमध्ये जुन्या पद्धतीने काम चालतं ते तासभर उभं राहून बघा. मग घरी मेपलचा एक तुकडा आणा, एखादी लोखंडी पट्टी त्यात काजळी लावून लावून अशी बसवा की फट दिसणार नाही. एक संध्याकाळ गेली, दुसरी गेली आणि तरी पटाशी खाली ठेवावीशी वाटली नाही तर फी भरून टाका, आणि मनात दुसऱ्या रायफलीचंही लाकूड धरून ठेवा, कारण क्लासमध्ये शिकलेलं खरं कामाला येतं ते त्या दुसरीवर.