शिकवायला सुरुवात करताय? मग कपड्यांबद्दल माझा अनुभव वाचा

माझं नोकरीचं पहिलं वर्ष, परीक्षेला सुपरव्हिजन होतं. कडक सोलचे नवीन बूट घातले होते, वाटलं छान प्रोफेशनल दिसतंय. वर्गात एकदम शांतता आणि बाकांच्या मधून माझं टक टक टक. तिसऱ्या बाकावरची एक मुलगी मी जवळ आले की पेन थांबवून मान वर करायची, मी पुढे गेले की परत पहिल्यापासून प्रश्न वाचायला लागायची. दोन फेऱ्यांनंतर माझ्या लक्षात आलं, मग उरलेला वेळ एका जागी उभी राहून काढला, पण तिची तेवढी मिनिटं गेली ती गेलीच, मला अजून वाईट वाटतं. तेव्हापासून काहीही विकत घेताना एकच बघते, तास सुरू झाला की याच्याकडे माझं किंवा मुलांचं लक्ष जाणार तर नाही ना.

नवीन लोक विचारतात फॉर्मल घालू की साधं चालेल. आधी शाळेचा नियम विचारा, लेखी असेल तर नीट वाचा. नियम नसेल तर पहिले काही आठवडे जरा जास्तच नीटनेटके जा, कारण नंतर थोडं सैल सोडता येतं, उलटं करायला गेलं की अवघड जातं. मोठ्या वर्गांना शिकवणार असाल आणि मुलांच्यात नि तुमच्यात चार-पाच वर्षांचंच अंतर असेल तर हे खरंच पाळा.

आरशासमोर नुसतं उभं राहून काही कळत नाही हो. फळ्यावर अगदी वर तारीख लिहिताय असा हात वर करा, बाकावर वाकून वही बघताय तसं वाका, पडलेला खडू उचला. शर्ट बाहेर येतोय, गळा खाली जातोय, पाठीवर ताण येतोय, यातलं काहीही झालं तर तो कपडा वर्गासाठी नाही, कितीही आवडता असू दे. लहान मुलांना शिकवत असाल तर मांडी घालून पण बघा, दिवसातून दहा वेळा खाली बसावं लागतं.

खडूची पूड काळ्या आणि गडद निळ्या कपड्यांवर लगेच दिसते, फिकट रंग किंवा बारीक प्रिंट बरं. मार्करची शाई बोर्डवरून सहज पुसली जाते म्हणून कपड्यावरूनही जाईल असं समजू नका, बोर्ड गुळगुळीत असतो, कापडात ती मुरते. आणि प्रयोगशाळेत तास असेल तर हा विषय दिसण्याचा राहतच नाही. सिंथेटिक कापड पेटलं की वितळून कातडीला चिकटतं, त्यामुळे सुती घाला, ओढणी किंवा टाय आत खोचा, केस बांधा, पुढून बंद असलेले बूट घाला. आपणच सुरक्षेचा गॉगल लावला नाही तर मुलं कशाला लावतील?

नलिनी अंबाडी आणि रॉबर्ट रोझेन्थाल या मानसशास्त्रज्ञांचा 1993 चा एक अभ्यास मला फार पटतो. शिकवणाऱ्यांच्या काही सेकंदांच्या, आवाज बंद केलेल्या क्लिप्स अनोळखी लोकांना दाखवल्या, आणि त्यांनी फक्त बघून दिलेले गुण त्या शिक्षकांच्या खऱ्या विद्यार्थ्यांनी दिलेल्या गुणांशी बऱ्यापैकी जुळले. महत्त्वाचं म्हणजे, दिसायला कोण किती आकर्षक आहे हा भाग हिशोबातून काढला तरी ते जुळतच राहिले. म्हणजे लोक आपले हातवारे, उत्साह, आत्मविश्वास वाचतात. मग ज्या कपड्यात हात मोकळा हलत नाही, दर दोन मिनिटांनी पदर नाहीतर कॉलर सावरावी लागते, तो कितीही भारी दिसला तरी आपलं नुकसानच करतो, असं मला तरी वाटतं.

हल्ली शाळेच्या कपाटात एक जादा टॉप, दोन सेफ्टी पिना आणि ओला रुमाल ठेवते. परीक्षेसाठी मऊ रबरी सोलचे बूट वेगळे आहेत. नवीन जोड घेतला की आधी रिकाम्या वर्गात दोन फेऱ्या मारून आवाज ऐकते, मगच मुलांसमोर घालते.