एअर रायफलचा ग्रुप पसरला, तो असा आवळला
बालेवाडीच्या रेंजवर 10 मीटरला छर्रे पसरू लागले, म्हणजे निशाण्यावरच्या भोकांचा पुंजका (ग्रुप) सैल झाला. साइटचे (नेम धरायच्या भागाचे) स्क्रू घट्टच होते. दोष नळीत होता, आत शिसं साचलेलं. पुल-थ्रूला (नळीतून ओढायच्या दोरीला) कापडाची पट्टी लावून ती ब्रीचकडून (छर्रा भरतात त्या टोकाकडून) मझलकडे (नळीच्या तोंडाकडे) ओढली, उलट कधीच नाही. पहिली पट्टी काळीकुट्ट, सहावी जेमतेम करडी. तिथेच थांबलो. पितळी ब्रश नको, आट्यांची (नळीतल्या पिळदार खाचांची) धार जाते. पीसीपीच्या (आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणाऱ्या रायफलच्या) हवेच्या मार्गात साधं तेल तर अजिबात नको, दाबाखाली पेट घेतं. साफ केल्यावर पहिले वीसेक छर्रे भटकतातच. तेवढ्यात साइट फिरवू नका. मग 4.49 आणि 4.50 मिमी डोक्याचे (पुढच्या टोकाच्या व्यासाचे) छर्रे आलटूनपालटून मारले. माझ्या नळीला 4.50 मानवले. स्कर्ट (मागची पोकळ कड) चेपलेला छर्रा सरळ बाजूला. नंतर हात साबणाने, मगच वडापाव.