‘पासे’ म्हणजे पास नव्हे

अकरावीला मी फ्रेंच घेतलं ते स्कोअरिंग म्हणून. ‘माझं वेळापत्रक’ हा पंधरा ओळींचा निबंध पाठ केला, बारावीला शंभरात 94 पडले आणि शाळा-कॉलेजबद्दलचं फ्रेंच आपल्याला येतं या समजुतीत पुढची चार वर्षं सुखात गेली. ती उतरली फ्रान्समधल्या मास्टर्सच्या प्रवेशासाठी मुलाखत झाली तेव्हा.

बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षी मला स्टॅटिस्टिक्सची एटीकेटी लागली होती. पुढच्या खेपेला विषय सुटला. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी त्याबद्दल विचारलं, तर मी ऐटीत म्हणाले, ‘झे पासे लेग्झामँ.’ मला म्हणायचं होतं, पास झाले. बाईंनी विचारलं, ‘ए वू लावे यू?’ मला वाटलं, प्रमाणपत्र हातात आलंय का असं विचारतायत. पदवीदान समारंभ व्हायचा होता, म्हणून खरं ते सांगितलं: ‘पा-झांकोर.’ अजून नाही. बाईंनी मान हलवून काहीतरी लिहून घेतलं. मी खुशीत बाहेर आले आणि वडापाव खाल्ला.

आता नीट ऐका, कारण यात माझे दीड महिने गेलेत. ‘पासे’ हे क्रियापद परीक्षेसोबत आलं की त्याचा अर्थ परीक्षा देणे, म्हणजे फक्त बसणे. निकालाशी त्याचा काही संबंध नाही. ‘झे पासे लेग्झामँ’ म्हणजे ‘मी परीक्षा दिली’. पास होण्यासाठी ‘रेयुसीर’. आणि रोजच्या बोलण्यात तर साधं ‘आव्वार’, म्हणजे असणे किंवा मिळणे: ‘झे यू माँ बाक’, मी बाक (तिथली बारावीसारखी परीक्षा) काढली. म्हणजे बाई सरळ विचारत होत्या, ‘मग सुटला का?’ आणि मी म्हटलं, ‘अजून नाही.’ एवढ्यावर पदवी अपुरी असल्याचा शेरा पडला. मग गुणपत्रिका, अनुवाद, ईमेल, पुन्हा ईमेल.

यातली खरी खोच पुढे आहे. ‘पासे आं सगोंद’ असं ऐकलंत, तर तिथे मूल खरोखरच वर चढलेलं असतं, सगोंद या वर्गात गेलेलं असतं. वर्गाचं नाव आलं की बढती, परीक्षेचं नाव आलं की नुसती हजेरी. मी हे वहीच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहून ठेवलंय. तुम्हीही लिहा, हसू नका.

दुसरा घोळ आपल्या महाराष्ट्राचा खास. आपण अकरावीपासून ‘कॉलेजात जातो’. फ्रान्समध्ये ‘कोलेझ’ म्हणजे साधारण 11 ते 15 वर्षांच्या मुलांची शाळा. आपल्या ज्युनिअर कॉलेजचा जवळचा नातेवाईक म्हणजे ‘लिसे’. मी कोलेझमध्ये कॉमर्स शिकले असं कुणाला सांगितलंत, तर समोरचा तुम्हाला बालप्रतिभा समजेल.

आणि वर्गांचे आकडे उलटे. कोलेझची सुरुवात सिझिएमने, म्हणजे सहावीने (निदान इथे तरी नशीब बरं). मग सँकिएम, कात्रिएम, त्रुआझिएम असं उतरत जायचं. त्रुआझिएमच्या शेवटी ब्रव्हे ही परीक्षा. लिसेमध्ये सगोंद, प्रमिएर आणि शेवटी तेर्मिनाल. ‘सगोंद’ लिहिताना मधलं अक्षर ‘क’चं दिसतं, उच्चार ‘ग’चा होतो. ‘प्रमिएर’ ऐकून पहिलीतलं पोर डोळ्यांसमोर आणू नका, ती सोळा-सतरा वर्षांची मुलं असतात. खरी पहिली म्हणजे ‘सेपे’.

बाक ही बारावीसारखी परीक्षा, 1808 साली नेपोलियनच्या काळात सुरू झालेली. ती उत्तीर्ण झालेला तो ‘बाशलिए’. बी.कॉम. झालात म्हणून स्वतःला बाशलिए म्हणवून घेऊ नका, स्वतःहून तीन वर्षं मागे जाल. तुमच्या पदवीला तिथे ‘लिसाँस’ म्हणतात, हिचा वाहन चालवण्याच्या परवान्याशी संबंध नाही.

जुनी गाइडं वापरत असाल तर सावध राहा. त्यांत अजून बाक एस् (विज्ञान), बाक एल् (साहित्य) वगैरे शाखा शिकवतात. सर्वसाधारण लिसेमधल्या त्या शाखा गेल्या. 2021 च्या बाकपासून मुलं प्रमिएरमध्ये तीन विशेष विषय घेतात आणि तेर्मिनालमध्ये त्यातले दोन ठेवतात. तत्त्वज्ञान मात्र सगळ्यांना, चार तासांचा लेखी पेपर. आपल्याकडे बारावीला तत्त्वज्ञानाचा चार तासांचा पेपर ठेवला तर मोर्चे निघतील.

विषयांच्या नावांना फार घाबरू नका. बहुतेक स्त्रीलिंगी आहेत, भाषा पुल्लिंगी. गणित अनेकवचनी: ‘ले मात’. भौतिक आणि रसायन तिथे एकाच वहीत, ‘फिझिक-शिमी’. जीवशास्त्र आणि भूशास्त्र मिळून ‘एस्-वे-ते’. पण ‘विषय’ या शब्दालाच जपा. शाळेतला विषय म्हणजे ‘मातिएर’. ‘स्यूझे’ म्हणजे परीक्षेत आलेला प्रश्न. ‘लेक्त्यूर’ म्हणजे वाचन, ‘लिब्रेरी’ म्हणजे पुस्तकांचं दुकान. कोलेझमधल्या शिक्षकालाही ‘प्रोफेसर’ म्हणतात, तेव्हा फार भारावून जाऊ नका.

गुण वीसपैकी. दहा म्हणजे पास, बाराला ‘आसे बियँ’ (बऱ्यापैकी), चौदाला ‘बियँ’ (चांगलं), सोळाला ‘त्रे बियँ’ (फार चांगलं) असे शेरे. नव्वद टक्क्यांवर वाढलेल्या जिवाला पहिल्यांदा बारा मिळाले की रडू येतं. मला आलं. शेजारच्या बाकावरची मुलगी त्याच बारांवर खूश होऊन कॉफी प्यायला गेली. घरी फोन करताना टक्क्यांत सांगू नका, इतकंच.

शब्द पाठ करून घेणाऱ्या अॅपबद्दल माझं मत वाईट आहे. ते ‘पासे’चा एकच अर्थ दाखवतं आणि हिरवी खूण देतं. त्याच हिरव्या खुणांनी मला त्या खुर्चीत नेऊन बसवलं. सिनिअरांचंही तसंच. जे स्वतः इंग्रजीतून शिकवणाऱ्या कोर्सला गेले, ते ‘फ्रेंच येतंच हळूहळू’ असं सांगतात. त्यांचं आलं नाही, मी ऐकलंय. त्यापेक्षा एखाद्या लिसेचं ‘आँप्ल्वा द्यू ताँ’, म्हणजे वेळापत्रक, शोधून मोठ्याने वाचा. मग प्रगतिपुस्तकांवरचे शेरे. ‘प मिय फेर’, म्हणजे ‘याहून चांगलं करू शकेल’. आपल्या सरांचाच आवाज ऐकू येतो.

आणि चुका होणारच, त्याने कुणाचा प्रवेश कायमचा जात नाही. माझाही शेवटी झाला. पहिल्याच सेमिस्टरला अकाउंट्सची फेरपरीक्षा लागली, ‘रात्रापाझ’. पुन्हा परीक्षा देणे म्हणजे ‘रपासे’, हे एव्हाना मला पक्कं ठाऊक होतं. शेजारच्या खोलीतल्या मुलीने विचारलं, आज काय करतेस? मी रुबाबात म्हटलं, ‘झ रपास.’ परीक्षेचं नाव मागे जोडलं नाही, तर याचा अर्थ ‘मी इस्त्री करतेय’ असा होतो. पाच मिनिटांत ती आपले दोन शर्ट घेऊन दारात उभी.