स्टॅक लिहिताय? साफसफाईच्या या चुका टाळा

स्टॅक म्हणजे शेवटी ठेवलेली वस्तू आधी बाहेर देणारी रचना; ठेवणं म्हणजे पुश, काढणं म्हणजे पॉप. ही दोन जमली की स्टॅक आला, असं समजणारे सतत भेटतात. त्यांचे पुश-पॉप बहुतेक वेळा बरोबरच असतात. घोळ होतो तो ऑब्जेक्ट संपताना, आणि तिकडे कुणी बघत नाही.

सी प्लस प्लसमध्ये सगळ्यात जास्त दिसणारी चूक अशी: क्लासमध्ये साधा पॉइंटर (मेमरीचा पत्ता) ठेवायचा, डिस्ट्रक्टरमध्ये, म्हणजे ऑब्जेक्ट संपताना आपोआप चालणाऱ्या फंक्शनमध्ये, तो डिलीट करून मेमरी सोडायची आणि कॉपीचा विचारच करायचा नाही. कॉपी कन्स्ट्रक्टर, म्हणजे ऑब्जेक्टची प्रत बनवणारं फंक्शन, तुम्ही लिहिला नाहीत तर कंपायलर स्वतः बनवतो, आणि तो फक्त पॉइंटरमधला पत्ता उतरवून घेतो. मेमरी एक, मालक दोन.

एका टीमचा कोड माझ्याकडे तपासायला आला होता. गणिती सूत्रं सोडवणारी सर्व्हिस, काही इनपुटवर उत्तर चुकायचं. कारण शोधायला कुणीतरी स्टॅकमधले आकडे छापणारं छोटं फंक्शन लिहिलं आणि स्टॅक त्याला रेफरन्सने (मूळच) न देता व्हॅल्यूने (कॉपी करून) दिला. आकडे नीट छापले जायचे. फंक्शन संपलं की कॉपीचा डिस्ट्रक्टर चालायचा आणि मूळ स्टॅकचा अ‍ॅरेच फ्री व्हायचा. पुढचा पॉप त्या सोडून दिलेल्या मेमरीतून वाचायचा. कधी आकडा बरोबर, कधी कचरा. शेवटी मूळ स्टॅक मोडताना तोच अ‍ॅरे दुसऱ्यांदा फ्री होऊन प्रोग्राम कोसळायचा.

यावर त्यांनी काय केलं? क्रॅश डिस्ट्रक्टरमध्ये दिसतोय ना, मग त्यातली डिलीटची ओळच कमेंट केली. क्रॅश थांबला, कोड पुढे गेला. त्यानंतर प्रत्येक रिक्वेस्टमागे एक अ‍ॅरे गळत राहिला, मेमरी भरली की प्रोसेस मरायची, आणि ती पुन्हा उठवायला एक स्क्रिप्ट लिहिली गेली. अशा शॉर्टकटचा मला मनापासून राग येतो. जो डिस्ट्रक्टर आपलं काम चोख करत होता, त्यालाच गुन्हेगार ठरवलं.

नियम जुनाच आहे: डिस्ट्रक्टर, कॉपी कन्स्ट्रक्टर आणि कॉपी असाइनमेंट (आधीच असलेल्या ऑब्जेक्टमध्ये दुसऱ्याची कॉपी उतरवणं) यांतलं एक हाताने लिहावं लागलं, तर तिन्हींचा विचार करा. माझी सवय त्याहून कडक आहे. क्लास लिहायला घेतला की कॉपीची दोन्ही फंक्शन्स आधी ‘डिलीट’ म्हणून जाहीर करतो. मग चुकून कॉपी झाली की कंपायलरच अडवतो. खरंच गरज पडली तरच कॉपी लिहितो, आणि बहुतेकदा रेफरन्सवर भागतं. आत व्हेक्टर, म्हणजे स्वतःची मेमरी स्वतः सांभाळणारा लायब्ररीतला अ‍ॅरे, ठेवलात तर यातलं काहीच लिहावं लागत नाही. शिकण्यासाठी कच्चा अ‍ॅरे जरूर वापरा. कामाच्या कोडमध्ये त्याचा हट्ट कशाला?

न्यूने (मेमरी मागून) अ‍ॅरे घेतला असेल तर डिलीटलाही चौकटी कंस हवेत. ‘साध्या इंटचा अ‍ॅरे आहे, चालतं’ हे उत्तर मला मान्य नाही.

रिकाम्या स्टॅकवर टॉप (वरची वस्तू बघणं) किंवा पॉप करू नका. स्टँडर्ड लायब्ररीचा स्टॅक तिथे एक्सेप्शन (चूक झाल्याचा इशारा) फेकेलच अशी कोणतीही हमी नाही. आधी एम्प्टीने तो रिकामा आहे का विचारा.

डिस्ट्रक्टरमधून एक्सेप्शन बाहेर जाऊ देऊ नका. सी प्लस प्लस ११ पासून डिस्ट्रक्टर आपोआप नोएक्सेप्ट (एक्सेप्शन बाहेर न सोडणारा) धरला जातो, त्यामुळे प्रोग्राम तिथेच संपतो.

आता लिंक्ड लिस्टवाला स्टॅक, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या नोडांच्या साखळीचा. प्रत्येक नोडमध्ये पुढच्या नोडचा युनिक पॉइंटर (मालक एकच, आणि संपताना मेमरी स्वतः सोडणारा) ठेवला की डिस्ट्रक्टर लिहावाच लागत नाही, म्हणून लोक खूश असतात. पण पहिला नोड मोडताना दुसऱ्याचा डिस्ट्रक्टर बोलावला जातो, दुसऱ्यातून तिसऱ्याचा, आणि कॉल स्टॅकवर (चालू फंक्शन कॉल्सची नोंद ठेवणाऱ्या मेमरीत) फ्रेमवर फ्रेम, म्हणजे एकेका कॉलची नोंद, चढत जाते. कॉल स्टॅकची ही जागा लिनक्सवर मुख्य थ्रेडला सहसा ८ एमबी असते, विंडोजवर मूळ सेटिंगने १ एमबी. दहा नोडांच्या टेस्टमध्ये काहीच कळत नाही. दहा लाख नोड टाका, म्हणजे सगळं काम बरोबर होऊन शेवटच्या कंसावर प्रोग्राम पडलेला दिसेल. घाईत असलेला माणूस मग कॉल स्टॅकची मर्यादा वाढवतो. ते करू नका. डिस्ट्रक्टरमध्ये साधा लूप लिहा: हेड आहे तोवर त्याचा पुढचा नोड मूव्ह करून हेडमध्ये आणायचा. जुना नोड एकटाच मोडतो, खोली वाढत नाही. दोन ओळींचं काम आहे.

जावावाल्यांनो, गार्बेज कलेक्टर (न लागणारी मेमरी आपोआप सोडणारा) आहे म्हणून निर्धास्त राहू नका. अ‍ॅरेवर स्टॅक लिहिला आणि पॉपमध्ये फक्त इंडेक्स कमी केला, तर त्या खान्यातला रेफरन्स तसाच राहतो आणि ऑब्जेक्ट अडकून पडतो. खाना नल (रिकामा) करा. स्टॅकमध्ये फाइल किंवा कनेक्शन असेल तर क्लोज स्वतः बोलवा. फायनलाइझवर (ऑब्जेक्ट गोळा होण्याआधी जावा बोलावते त्या मेथडवर) विसंबू नका, ते जावा ९ पासून डेप्रिकेटेड, म्हणजे वापरू नये असं जाहीर झालेलं, आहे.

सी प्लस प्लसच्या टेस्ट मी नेहमी अ‍ॅड्रेस सॅनिटायझर, म्हणजे मेमरीच्या चुका पकडणारं साधन, चालू करूनच चालवतो. स्टॅक भरायचा, कॉपी करून बघायचा, स्वतःलाच असाइन करायचा, अर्धा भरलेला असताना एक्सेप्शन फेकायचं, शेवटी दहा लाख एलिमेंट टाकून स्कोप संपू द्यायचा. वरच्या छापण्याच्या फंक्शनची गडबड सॅनिटायझरने पहिल्याच रनमध्ये ओळ नंबरासकट दाखवली होती.