खाऱ्या हवेत ग्रिलचा रंग टिकवायचा असेल तर
घरापुरीसारख्या बेटावर घर म्हटलं की खिडकीच्या ग्रिलला गंज लागणारच, पण प्लीज नुसता वरून रंग मारू नका, पावसाळ्यात पापुद्रे सुटतात. आधी वायर ब्रश, मग पॉलिश पेपर, लोखंड दिसेपर्यंत घासायचं आणि मग गोड्या पाण्याने नीट धुवायचं, हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण मीठ हवेतला ओलावा ओढतं आणि रंगाखाली राहिलं की गंज परत चालू. उन्हात कडक वाळलं की त्याच दिवशी रेड ऑक्साइड प्रायमर. वेल्डिंगच्या सांध्यांत ब्रश दाबून फिरवा, गंज तिथूनच धरतो. प्रायमर सुकला की ऑइल पेंटचे दोन पातळ हात. सामान मुंबईहून मे महिन्यातच एकदम आणा, पुढे समुद्र खवळला की लाँचचा भरवसा नाही.